पऱ्हाट्यांचा हजार

खैरवाडी
२५ जानेवारी १९७४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी रागात लिहिते आहे हे आधीच सांगते, म्हणजे "वच्छी रागावली वाटतं" असं चष्मा पुसत मामीला सांगायला नको. रागावलेच आहे. आठवड्यापूर्वी साहेब तपासणीला आले तेव्हा जेवढी रागावले होते त्याहून आज जास्त, कारण काल टपालाने त्यांचा शेरा आला.

इथे फक्त पहिली आणि दुसरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीसाठी किन्हीराजाला जायचं, मधे नाला, पाच मैल. मुलगे जातात. पोरी दुसरी पास झाल्या की बकऱ्यांमागे जातात. यंदा माझ्याकडे दुसरीत सहा पोरी आहेत. जूनपासून इथेच तिसरी सुरू व्हावी म्हणून दोन वर्षं अर्ज करते आहे, आणि त्याची शिफारस या तपासणीत व्हायची होती.

माझी साधनं तुम्ही पाहिलेली नाहीत. कचेरीने पाठवलेली साधनपेटी केंद्रशाळेत कुलपात आहे. तिथे रेडिओही आहे, पण मुलांचा कार्यक्रम लागायच्या वेळी तो मुख्याध्यापकांच्या घरी असतो. म्हणून मी माझं सामान जमवलं. चिंचोके, दोन झाकणांचा तराजू, बाभळीच्या काट्यांचे काटे लावलेलं पत्र्याचं घड्याळ. आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या वाळक्या काड्या. प्रत्येक पोरानं घरच्या सरपणातून आणल्या, सोलल्या, वीतभर तोडल्या. दहाची जुडी अंबाडीच्या सुतळीने बांधायची. दहा जुड्यांचा भारा म्हणजे शंभर. वजाबाकीत हातचा घ्यायचा तर सुतळी सोडायची आणि दहा सुट्या करायच्या. सोडल्यावर हातचा कुठून येतो हे कोणाला समजवावं लागत नाही. दिवाळीपासून करत करत संक्रांतीला आमचे दहा भारे झाले. पूर्ण हजार! भागिरथा नावाची एक पोरगी आहे, हुशार. तिने तो ढीग कवेत घेऊन पाहिला आणि म्हणाली, "बाई, हजार त एकटीले उचलत नाही." मामा, डी.एड.च्या दोन वर्षांत मला हजार एवढा कळला नव्हता.

सतराला साहेब आले. माझी खोली शाळेला लागून आहे. स्टोव्ह होता, दूध तापवून ठेवलं होतं. पण साहेबांचा चहा माझ्या घरात होणार नाही हे कोणी न बोलताच ठरून गेलं होतं. पोलीस पाटील मोहनसिंग यांनी शाळेमागे तीन दगड मांडून गंगूला बसवलं. गंगू म्हणजे भागिरथेची आई, मजुरी करते. साहेबांनी विचारलं, "गणिताला साधनं काय वापरता?" मी मोठ्या तोऱ्यात कोपऱ्याकडे वळले. कोपरा रिकामा. मागून धूर येत होता.

त्या बाईने हजार जाळला, मामा. सगळा. मी धावत जाऊन एक अर्धी जळालेली जुडी आणली आणि म्हटलं, "साहेब, हे बघा, ही दहाची जुडी." साहेब बशीतून चहा ओढत हसले. "बाई, तुमचं गणित तर चुलीत गेलं!" सगळे हसले. मी बाहेर जाऊन गंगूला सगळ्या गावासमोर नको नको ते बोलले. अडाणी म्हटलं. लेकीचं वाटोळं करणारी म्हटलं.

आणि आता हा शेरा. "शैक्षणिक साधनांचा पूर्ण अभाव. अध्यापनाचा भर पाठांतरावर. इयत्ता तिसरी सुरू करण्यास शिफारस नाही." घड्याळ त्यांच्या डोक्यावरच टांगलं होतं, ते दिसलं नाही? पाठांतर तर एका पोराकडूनही म्हणून घेतलं नाही.

तुम्ही त्याच कचेरीत आहात. तपासणीचे कागद तुमच्या टेबलावर येत नाहीत हे माहीत आहे. पण तक्रार कुठे आणि कशी करायची तेवढं सांगा. मी गप्प बसणार नाही.

आपली,
वच्छला

०

२ फेब्रुवारी १९७४

चि. वच्छला हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला काही सांगावं लागलं नाही, पाकिटावरचा पत्ता बघूनच ती म्हणाली, "पोरगी कोनावर तरी तापली दिसते." तुझी आई अशीच होती. भाकर करपली तरी तव्याशी भांडायची.

आता माझं ऐक. तक्रारबिक्रार काही करायची नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. साहेब मनाचे वाईट नाहीत. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. कोपरा रिकामा होता, त्याला ते काय करणार? चूक असेल तर त्या बाईची आहे. सरपण आणि साधन यातला फरक तिला कळला नाही. पण तू तरी पऱ्हाट्या कशाला ठेवल्यास? पऱ्हाटी दिसली की बाईमाणूस चूलच पेटवणार.

तू असं कर. साहेबांच्या नावाने एक नम्र अर्ज लिही. "साधनांबाबत झालेल्या त्रुटीबद्दल दिलगीर आहे, पुढील तपासणीपूर्वी पूर्तता करीत आहे." एवढंच. वर संदर्भ म्हणून त्या शेऱ्याच्या कागदाचा जावक क्रमांक आणि तारीख घालायला विसरू नको, नाहीतर कागद फायलीला लागत नाही. आमच्याकडे देव हरवला तर चालतो, संदर्भ हरवून चालत नाही.

मी कारंजाहून छापील तक्ते आणवले आहेत. अंकांचे, फळांचे, वाहनांचे. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर किन्हीराजाला पाठवतो, उतरवून घे. भिंतीवर लाव. साहेबांना भिंत भरलेली आवडते.

तिसरीचं यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी होईल. तब्येतीला जप. आणि मला पत्र घरच्याच पत्त्यावर टाकत जा, कचेरीच्या नको.

तुझा,
इंद्रभानमामा

०

खैरवाडी
१० फेब्रुवारी १९७४

मामा,
जयभीम.

तक्ते पोचले. फळांच्या तक्त्यावर अननस आहे. खैरवाडीत अननस कोणी पाहिलेला नाही, मीही नाही. वाहनांच्या तक्त्यावर जहाज आहे आणि बैलगाडी नाही. अंकांच्या तक्त्यावर दहा आंबे काढलेत, लाल-पिवळे, छान. त्यातून तीन काढ म्हटलं की पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. कागदातला आंबा काढायचा कसा? तरी तुमचा मान म्हणून लावले.

मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहायला बसले. मनातून जळत होते, पण बसले. संदर्भ घालायचा म्हणून शेऱ्याचा कागद काढला. त्या दिवशी रागात मी फक्त शेरा वाचला होता. वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आहे. त्यापुढे तारीख आहे १५ जानेवारी.

साहेब आले सतराला.

मी चारदा वाचलं. मग वाटलं, टाईप करणाऱ्याची चूक असेल. म्हणून शनिवारी केंद्रशाळेच्या बैठकीत इतर गुरुजींना विचारलं. आणखी चार शाळांना माझाच शेरा आला आहे. "पूर्ण अभाव, पाठांतरावर भर, शिफारस नाही." शब्दाला शब्द. तारीख पंधराच. त्यातल्या एका शाळेत साहेब गेलेच नाहीत, जीप नाल्यात अडकली म्हणून अर्ध्यातून परत फिरले.

आणि मग मी कागदाचा खालचा कोपरा पाहिला. टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात ना तिथे. इं. सो. अं.

इंद्रभान सोनाजी अंभोरे. तुमच्या कचेरीत असा दुसरा कोण आहे, मामा?

पंधरा तारखेला माझ्या पऱ्हाट्या कोपऱ्यात होत्या. पूर्ण हजार होत्या. गंगूने अजून काडी पेटवली नव्हती, आणि तुमच्या यंत्रावर माझी साधनं आधीच नाहीशी झाली होती! वर तुम्ही मला लिहिता, साहेबांनी जे दिसलं ते लिहिलं. लिहिता, चूक त्या बाईची. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. इथे तर चोराने संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवला आणि मला म्हणाला, ओढ.

भागिरथा सतरा तारखेपासून शाळेत नाही. गंगू तिला हरभरा उपटायला नेते. मी दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं, "अडान्याची पोर अडानीच राहू द्या."

तुम्ही मला पाटीवर बोट धरून शिकवलंत. बाबा गेल्यावर शाळा सुटू दिली नाहीत. मला तक्ते नकोत. काय झालं ते मला सांगा.

वच्छला

०

३ मार्च १९७४

चि. वच्छला,
जयभीम.

तीन आठवडे लावले. रोज पेन उघडायचो आणि बंद करायचो. मामीने एकदा विचारलं, "कायले एवढा इचार करून राह्यले?" तिलाही सांगितलं नाही. आता सांगतो.

तपासणीचा टंकलेखक रजेवर होता म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पंधरा तारखेला साहेबांनी सात शाळांची यादी दिली. सात ठिकाणी तिसरीची मागणी, आणि वरून मंजूर होणारे शिक्षक दोन. ते दोन कुठे द्यायचे ते कोणी सांगितलं, कधी ठरलं, ते मला विचारू नको. मला माहीत नाही. साहेबांनी दोन शाळांवर फुली केली आणि म्हणाले, "उरलेल्या पाचांना नेहमीचा शेरा." नेहमीचा शेरा म्हणजे तो. गेली आठ-दहा वर्षं तोच आहे, मला पाठ आहे. दौरा त्यानंतर झाला. दौरा नेहमीच त्यानंतर होतो. कागद टाईप झाला की त्याच दिवशी जावक क्रमांक टाकायची माझी सवय. इतरांनी तारीख कोरी ठेवली असती. नेटकेपणाने मी उघडा पडलो.

यादीत पाचवं नाव खैरवाडीचं होतं. मी वाचलं. यंत्रात कागद घातला आणि टाईप केलं. हात थांबला असं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तो थांबला नाही.

काहून, असं विचारशील. ऐक. या कचेरीत बावीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं माझा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. मी काही बोललो नाही. पुढे सगळ्यांचे कप एक झाले, पण कोण आधी पितं ते मी अजूनही बघून घेतो. मी इथे टिकलो ते कोणाच्या डोळ्यावर न येता. आपली माणसं कामं घेऊन आली की मी त्यांना ओळख दाखवत नाही, संध्याकाळी घरी या म्हणतो. तू माझी भाची आहेस हे इथे कोणाला माहीत नाही. वशिला लावतो असं कोणी म्हणू नये, म्हणून. तुला घरच्या पत्त्यावर लिही म्हणतो ते याचसाठी. मी बोललो असतो तर साहेबांचा पहिला प्रश्न आला असता, तुझी कोण ती?

त्या बाईवर मी खापर फोडलं, ते मात्र निव्वळ भ्याडपणाने. तू तिच्यावर चिडली होतीस, मला ते सोयीचं पडलं.

जावक नोंदवहीत पंधरा तारीख आहे आणि दौऱ्याच्या नोंदीत सतरा. दोन्हींची सही केलेली नक्कल मी तुला देऊ शकतो. ती जोडून वर तक्रार केलीस तर शेरा टिकणार नाही. पण माझी नोकरी ऑक्टोबरअखेर संपते. तोपर्यंत थांब, एवढी भीक घाल. नोव्हेंबरात मी स्वतः अर्ज लिहून देईन.

तुझा मामा

०

खैरवाडी
११ मार्च १९७४

मामा,
जयभीम.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी गंगूकडे गेले. ती दारात तुरीच्या शेंगा बडवत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं की शेरा आधीच लिहिलेला होता, तुझ्या चुलीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, माझं चुकलं. ती बडवायची थांबली नाही. मग म्हणाली,

"बाई, मले एक सांगा. म्या तुमाले इचारलं होतं का नाही? चूल पेटत नव्हती, ओल्या काड्या व्हत्या. म्या दारात आली, म्हटलं, बाई, कोपऱ्यातल्या काड्या घेऊ का? तुमी सायबाच्या खुर्चीवर चादर हातरत होत्या. तुमी म्हनलं, घे न व माय, काय लागते ते घे, पन चहा लवकर कर."

मला आठवत नव्हतं. ती बोलली आणि आठवलं. चादरीची सुरकुतीसुद्धा आठवली.

"मले समजलं नाही असं नाही," ती म्हणाली. "माया पोरीनं सोलल्या होत्या त्या. मले वाटलं, बाई म्हनते त घ्या लागते. मोठ्या मानसाचा चहा हाय. मंग तुमी साऱ्या गावात मलेच अडानी म्हनलं."

मामा, मी तिथेच तिच्या अंगणात बसले आणि रडले. तिने पाणी आणून दिलं, पण माफ केलं असं म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. दोन महिने मी गावभर, केंद्रभर आणि तुमच्यावर ओरडत फिरले. साहेबांच्या चादरीसाठी पोरांचा हजार मीच देऊन टाकला होता. तुम्ही तुमच्या कपासाठी गप्प बसलात, मी चादर झटकत "घे" म्हटलं. तेव्हा मी तुमच्याहून शहाणी आहे असं लिहिण्याचं तोंड मला उरलेलं नाही.

पण रागही गेलेला नाही. तो आता जास्त नेमका झाला आहे. माझ्या चुकीने साधनं जळली, हे खरं. पण साधनं असती तरी शेरा तोच होता, हेही खरं. पाच शाळांतल्या गुरुजींनी काय काय केलं असेल, कोणी मातीचे मणी भाजले असतील, कोणी अंगणात नकाशा काढला असेल, आणि त्या सगळ्यावर एकच वाक्य, न बघता! बघून नापास केलं असतं तर मी सोसलं असतं.

भागिरथा सोमवारी आली. मागच्या ओळीत बसली. गंगू मला म्हणाली, "दुसरी पास व्हये पावतर धाडतो. पुढं इथं शाळा नसन त बकऱ्या हायेतच. पाच मैल नाला वलांडून मी पोरीले धाडनार नाही." त्यात तिची काय चूक आहे? मी आई असते तर मीही धाडलं नसतं.

तुम्ही ऑक्टोबर म्हणता. मामा, शाळा जूनमध्ये उघडते. ऑक्टोबरपर्यंत ती पोर चार महिने बकऱ्यांमागे फिरलेली असेल. एकदा त्या वाटेला लागलेली पोरगी परत आलेली मी अजून पाहिली नाही. तुमच्या नोकरीचे सात महिने मला कळतात. मामीचं आणि तुमच्या गुडघ्यांचंही कळतं. पण मी थांबणार नाही. नक्कल नसेल तर नक्कलेशिवाय तक्रार करीन. माझ्याकडचा कागद आहेच, त्यावर पंधरा तारीख आहे. त्यावर तुमची आद्याक्षरंही आहेत. ती मी खोडणार नाही आणि झाकणारही नाही. हे तुम्हाला आधी कळवावं एवढं तुमचं माझ्यावर ऋण आहे, म्हणून कळवते आहे.

आपली,
वच्छला

०

२० मार्च १९७४

चि. वच्छला,
जयभीम.

तुझं पत्र शनिवारी आलं. या वेळी मामीला वाचून दाखवलं. पाचही पत्रं काढली, तुझी आणि माझ्या उत्तरांचे कच्चे कागद. ती म्हणाली, "आपल्याच पोरीच्या मानंवर तुमी यंत्र चालवलं न जी?" आणि आत निघून गेली. सोमवारी मला डबा दिला, पण नेहमीसारखी दारापर्यंत आली नाही.

काल मी दोन्ही नोंदींच्या नकला काढल्या. कोणी नसताना काढणार होतो. मग वाटलं, आता तरी नको. अकरा वाजता साहेबांच्या टेबलावर दोन्ही वह्या ठेवल्या आणि म्हटलं, "खैरवाडीच्या शिक्षिकेला नकला हव्यात, मी देतोय, आपल्या माहितीस." साहेबांनी तारखा पाहिल्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. म्हणाले, "अंभोरे, तुम्ही तर शहाणे माणूस. सात महिन्यांसाठी काहून नसते लफडे करता? ती बाई तुमची कोण लागते?"

दारात शिपाई उभा होता. पलीकडे तिघं-चौघं काम थांबवून ऐकत होते.

मी म्हटलं, "भाची आहे. माझ्या बहिणीची मुलगी. मीच शिकवली."

वच्छी, बावीस वर्षांत त्या कचेरीत मी माझं माणूस माझं म्हणून पहिल्यांदा सांगितलं. मग साहेबांच्या समोरच, उभ्याने, दोन्ही नकलांवर पूर्ण नावाने सही केली. त्या या पाकिटात आहेत. सोबत माझा जबाबही आहे, मी कोणाच्या सांगण्यावरून काय आणि कधी टाईप केलं त्याचा. तो तुझ्या तक्रारीला जोड. बाकी चार गुरुजींना मी आज कार्डं टाकली, त्यांनाही नकला हव्या असतील तर द्यायला तयार आहे.

दुपारी माझं टेबल बदललं. आता जुन्या फायलींच्या खोलीत बसतो. पुढे काय होईल सांगता येत नाही. बदली होईल, चौकशीही होईल. मामी म्हणाली, "होऊ द्या." आज ती दारापर्यंत आली होती.

वरून तिसरी मंजूर होईल की नाही, आणि झाली तरी जूनपर्यंत होईल की नाही, हे मी तुला खोटं सांगणार नाही. कागद कसे चालतात ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. म्हणून तू कागदाची वाट बघू नको. शाळा उघडेल त्या दिवशी त्या सहाही पोरींना वर्गात बसव आणि तिसरीचं पहिलं पान काढ. गंगूला आधीच जाऊन सांग, म्हणजे तिला निर्णय घ्यायला वेळ मिळेल.

कोणी विचारलं की मंजुरी नसताना वर्ग कोणाच्या परवानगीने भरवला, तर माझं नाव सांग.

तुझा मामा,
इंद्रभान सोनाजी अंभोरे